भोपळ्यावरील करोडगिरी

आजीआजोबा नातवंडांना गोष्टी सांगतात, असे जे विधान शाळकरी निबंधांपासून सत्कारसमारंभांतील भाषणांपर्यंत सर्वत्र बिनदिक्कत केले जाते आणि ज्याच्या सत्यतेविषयी आजवर कोणी साधा संशयही घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही, ते विधान, या व्यवहारातील दोन्ही हुद्द्यांवर, म्हणजे प्रथम नातू म्हणून आणि हल्ली आजोबा म्हणून, प्रत्यक्ष चाकरी बजावल्यानंतर, मला साफ नामंजूर आहे. आजी गोष्ट सांगत नाही. नातू ती तिच्याकडून वसूल करतो. कालच्या पावतीशी ताडून पाहतो. कोठे एखादा कोल्हा कमी भरला, किंवा एखाद्या राजाच्या काल चार असलेल्या राण्या आज तीनच निघाल्या, तर जागच्या जागी जाब विचारतो, आणि हिशेब जुळल्याखेरीज डोळा मिटत नाही. वृद्ध माणसे स्वभावतः बेफिकीर असतात. केवळ त्यांच्या भरवशावर सोडल्या असत्या, तर आपल्या जुन्या कथांपैकी एकही दोन पिढ्यांपलीकडे धड पोहोचती ना. त्या पोहोचल्या याचे श्रेय, ज्यांची नावे कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाहीत अशा, अर्धवट झोपेत आणि पूर्ण संशयात असलेल्या, पाच ते नऊ वर्षे वयाच्या तपासनिसांना आहे.

माझी या खात्यातील उमेदवारी चाळीसगावात झाली. त्या काळी आमचा जिल्हा पूर्व खानदेश या नावाने ओळखला जाई. त्याचा जळगाव जिल्हा व्हावयास १९६० साल उजाडावे लागले. मुंबई-भुसावळ मार्गावरील उतारूंना चाळीसगाव ठाऊक असते ते जंक्शन म्हणून: १९०० साली येथून धुळ्याचा फाटा निघाला, तेव्हापासून धुळ्यास जाणारे येथे उतरतात आणि न जाणारे खिडकीतून हात बाहेर काढून चहा मागतात. चाळीस हा आकडा गावाच्या नावातच असल्यामुळे अलिबाबाची गोष्ट आमच्या घरी जरा जपून सांगितली जाई. आजोबा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, आणि गावाच्या लौकिकास बाध येईल असा मजकूर कोणत्याही दफ्तरी राहू नये याविषयी कमालीचे दक्ष. ते चोरांची संख्या नेहमी एकोणचाळीसच सांगत.

वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस अंशांवर जातो, आणि मग घरात निजणे ही शिक्षाच ठरते. आमचे घर धाब्याचे होते. रात्रीची जेवणे आटोपली की बाजा आणि गोधड्या धाब्यावर चढत, मागोमाग पाण्याचे मडके चढे, त्यामागे आम्ही तीन नातवंडे, आणि सर्वांत शेवटी, एकेका पायरीवर एकेका देवाचे नाव घेत, आजी. आजीचे माहेर गिरणाकाठचे. तिची बोली अहिराणी, आणि तिच्या गोष्टींतील राजे, राक्षस, हत्ती व परमेश्वर हे एकजात अहिराणीच बोलत. गोष्टीस आरंभ होण्यापूर्वी एक करार होई. प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाराने 'हाव' म्हणावयाचे. अन्यत्र ज्याला हुंकार म्हणतात आणि जो नुसत्या नाकाने भागवता येतो, त्याच्या जागी आमच्याकडे हा पूर्ण उच्चाराचा 'हाव' द्यावा लागे, कारण नाकाचा हुंकार माणूस झोपेतही देऊ शकतो अशी आजीची खात्री होती. 'हाव' थांबला की गोष्ट थांबे, आणि थांबलेली गोष्ट पुन्हा चालू करावयाची तर ती अगदी मुळापासून, म्हणजे राजाच्या असण्यापासून, करावी लागे.

कराराचा भंग मात्र बहुधा दुसऱ्याच पक्षाकडून होई. पहाटे चारपासून राबणाऱ्या बाईला रात्री नऊ वाजता राजाची काळजी किती वेळ वाहता येणार? राजा शिकारीस निघे, घोर अरण्यात वाट चुके, तहानेने व्याकूळ होऊन एका झोपडीच्या दाराशी येई, आणि झोपडीतून बाहेर आलेली म्हातारी त्याला, म्हशीची धार काढली काय, असे विचारी. आजीने गोष्टीची हद्द ओलांडून झोपेच्या हद्दीत प्रवेश केला, याची ही खूण. मी तिला हलवी. "मंग काय व्हयनं?"

"आते जपी जाय," आता निजून जा, असे आजी डोळे मिटल्यामिटल्या सांगे.

"कोण, राजा?"

"तू."

चिऊकाऊची गोष्ट ही या अभ्यासक्रमातील पहिली इयत्ता. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे, मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि निराधार कावळा शेजारणीच्या दारात उभा राहतो, एवढा मजकूर मराठी घरात जन्मलेल्या कोणासही सांगावा लागत नाही. पुढे कावळ्याचा अर्ज आणि त्यावर चिमणीची उत्तरे: बाळाला न्हाऊ घालावयाचे आहे, मग अंग पुसावयाचे आहे, मग काजळ, मग तीट, मग निजवणे. आजी हा भाग वात्सल्यरसात भिजवून सांगे. शेजारच्या बाजेवर पालथे पडून ऐकणाऱ्या आजोबांना तो निराळ्याच रसाने भावे. "ही चिमणी आमच्या कचेरीत हवी होती," असे ते मनापासून म्हणत. अर्जदार दारात उभा आहे, भिजतो आहे, त्याची मागणी वाजवी आहे. असे असता बाईने एकदाही नकार दिलेला नाही, एकदाही होकार दिलेला नाही, दर खेपेस तहकुबीचे सबळ कारण दिले आहे आणि प्रत्येक कारण लोककल्याणाचे, निदान बालकल्याणाचे आहे. उभ्या नोकरीत इतका निर्दोष शेरा मारणारा कारकून आपल्याला भेटला नाही, अशी त्यांची कबुली होती. पुढे मोठेपणी एका दाखल्यासाठी मला एका कार्यालयाच्या खिडकीशी तीन दिवस उभे राहावे लागले. खिडकीमागील गृहस्थांनी पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर असल्याचे, दुसऱ्या दिवशी शिक्का कपाटात असल्याचे आणि तिसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली साहेबांबरोबर दौऱ्यावर गेल्याचे सांगितले, तेव्हा इतर अर्जदारांप्रमाणे मला संताप यावयास हवा होता. पण मला एकाएकी पाचव्या वर्षीची ती गाढ, विश्वासाची झोप येऊ लागली.

या गोष्टीवर मी दाखल केलेली हरकत निराळी होती. ज्या गावी वैशाखात पायरीवर पाय ठरत नाही, तेथे मेणाचे घर उभे राहील कसे आणि शेणाचे वाहून जाण्याइतका पाऊस येईल कोठून? आजीने क्षणभरही न अडखळता उत्तर दिले, "चिमनी नाशिकनी व्हती." चिमणी नाशिकची होती, प्रश्न मिटला.

तपासनिसाच्या कामाचे खरे महत्त्व मला पटले ते मात्र भोपळ्याच्या प्रकरणात. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत कोल्हा, लांडगा आणि वाघ अडवतात. आपण हाडकुळ्या आहोत, लेकीकडे चार दिवस खाऊनपिऊन अंग धरू, मग खुशाल खा, अशी ती प्रत्येकाकडून मुदत मागून घेते, आणि परतताना भोपळ्यात बसून सर्वांच्या देखत घरंगळत निघून जाते. आजीने ही कथा आमच्या मुलुखात आणून वसवली होती. वाघ हा वाघळीचा. जळगावकडे जाताना चाळीसगावनंतर हे पहिलेच स्टेशन लागते, आणि त्याच्या नावावरून मालकी कोणाची हे वेगळे सांगावयास नको. (आटपाट नगर म्हणजे कजगावपुढील नगरदेवळे, याविषयीही मला दहाव्या वर्षापर्यंत तिळमात्र शंका नव्हती.) लेक दिली होती पाचोऱ्यास, आणि तिच्या घरी म्हातारी ज्या अन्नावर पुष्ट होई ते कोठले तरी उपरे तूपरोटी नसून खापरावरचे मांडे आणि आमरस असे, शिवाय मध्येच एक दिवस भरीत आणि कळण्याची भाकरी, कारण गोडाने तोंड मरते.

एके रात्री वाघ मागे पडला, भोपळा चालता झाला, आणि मी 'हाव' म्हणण्याचे नाकारले. पाचोरा ते चाळीसगाव ही वाट सपाट आहे. त्या वाटेवर आगगाडीलासुद्धा इंजिन लागते. मग भोपळा कशाच्या बळावर घरंगळला? आजी गप्प झाली; आजोबा बाजेवर उठून बसले; दूर स्टेशनात कोठल्याशा मालगाडीने शिटी दिली. त्या रात्री गोष्ट तहकूब राहिली.

दुसऱ्या रात्री लेकीची बदली झालेली होती. नवरा, सासू, गुरेढोरे आणि आमरसाच्या आंब्यांसह ती एका दिवसात पाचोऱ्याहून कन्नडला नांदावयास गेली होती. या प्रदेशाचा भूगोल ज्यांना अवगत आहे, त्यांना यातील कौशल्य तत्काळ ध्यानी येईल. कन्नड डोंगराच्या माथ्यावर, चाळीसगाव पायथ्याकडील मैदानात, आणि दोहोंमध्ये, १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी करणाऱ्या औट्रम साहेबाचे नाव कागदोपत्री मिरवणारा, पण लोकांच्या तोंडी निव्वळ कन्नडचा असलेला घाट. म्हातारी जाताना हा घाट पायी चढते, आणि या वयात घाट चढून जाणारी बाई हाडकुळी असणार यास निराळ्या पुराव्याची गरज नाही. येताना ती भोपळ्यात बसली की पुढचे सर्व काम उतारच करतो. घाटात झाडी, झाडीत वाघ. त्यालाही वाघळीहून जाण्यायेण्याची दगदग उरली नाही. "पण वाघ वाघळीचा ना?" मी विचारले. घाटात त्याची सासुरवाडी आहे, असा खुलासा मिळाला. घाट उतरल्यानंतर गावापर्यंत कित्येक मैल पुन्हा सपाट जमीन आहे, ही हरकत मी राखून ठेवली. एका रात्रीत दोन बदल्या मागणे मला प्रशस्त वाटले नाही.

सात वर्षांच्या पोराच्या एका प्रश्नासरशी एक संबंध संसार डोंगरावर चढला आणि कथा पूर्वीहून बळकट झाली, हे पाहून आजोबांनाही स्फुरण चढले. कन्नड म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या भाषेत मोगलाई. घाटापलीकडे निजामाचा अंमल असे, आणि त्या राज्याची जकात, जिला करोडगिरी म्हणत, हद्द ओलांडणाऱ्या मालावर बसे. निजामाचे राज्य जाऊन तेव्हा काही वर्षे लोटली होती, परंतु आजोबांच्या मनातील नाका उठलेला नव्हता. या भोपळ्यावर करोडगिरी भरली होती काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. नाक्यावरील शिपायाने तो फोडून कसा पाहिला नाही? आणि ज्या अर्थी भोपळा विचारलेल्या प्रश्नांना तोंडी उत्तरे देतो, त्या अर्थी त्याची नोंद मालाच्या सदरात करावयाची की उतारूच्या? इतकेच नव्हे, तर म्हातारीचे वर्तनही त्यांना कायद्याच्या दृष्टीने सदोष वाटे. वाघाने तिला सद्हेतूने मुदत दिली. मुदत संपताच तिने कबूल केल्याप्रमाणे हजर व्हावयास हवे होते. त्याऐवजी तिने वेष पालटून, खोटी जबानी देऊन, सावकाराच्या डोळ्यांदेखत पोबारा केला. "वाघाने फिर्याद लावली असती," आजोबा म्हणाले, "तर निकाल त्याच्यासारखा लागता."

"फिर्याद लावायला वाघ कचेरीत आला असता," आजी म्हणाली, "तर तुम्ही टेबलाखालून निकाल दिला असता."

आजोबांच्या स्वतःच्या अशा गोष्टी थोड्या, आणि त्याही टिपणीवजा. पंचतंत्रातील कोल्हे आणि करकोचे त्यांना फारसे आठवत नसत. मात्र राजा अमरशक्तीचे तीन मूढ पुत्र सहा महिन्यांत शहाणे करून देण्याचे विष्णुशर्म्याने पत्करले, आणि राजाने देऊ केलेल्या शंभर इनामांच्या सनदा, आपण विद्या विकत नाही असे सांगून परत केल्या, हा आरंभीचा प्रसंग ते दर खेपेस नव्या विषादाने सांगत. शंभर सनदा! पुढे त्याच ग्रंथाचे सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषांतर झाले, आठव्यात ते 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत उतरले आणि तेथून साऱ्या युरोपात पसरले, एवढी कीर्ती ऐकूनही त्यांचे समाधान होत नसे. कीर्तीवर फेरफार नोंदवता येत नाही.

एका गोष्टीच्या बाबतीत मात्र आजोबा खुलत, आणि ती गोष्ट आमच्याच तालुक्यातील होती. चाळीसगावच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत पाटणे हे गाव आहे. तेथील पाटणादेवीला आम्ही बैलगाडीने जात असू, आणि वाटेत आजोबा भास्कराचार्यांना गाडीत घेत. त्यांचा जन्म शके १०३६चा. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला तेव्हा वय अवघे छत्तीस. त्यातील गणिताच्या भागास 'लीलावती' हे नाव का पडले, याची जी कथा १५८७ साली अकबराच्या दरबारातील फैजीने आपल्या फारसी भाषांतरात नमूद केली, ती आजोबा सांगत. लीलावती ही आचार्यांची कन्या. तिच्या विवाहास एकच घटका अनुकूल होती. ती चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र सोडले. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली तो तिच्या अंगावरील एक मोती पात्रात पडून छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळला. तेव्हा पित्याने, तुझ्या नावाने मी असा ग्रंथ लिहीन की तो चिरकाल टिकेल, असे तिला आश्वासन दिले. आजोबांचा कंठ येथे दाटून येई. आजी गाडीच्या मागल्या बाजूस पाय सोडून बसलेली असे. "लेकीचं लगीन मोडलं," ती बैलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "अन् बापानं तिला गणितं घातली!"

या कथेस ऐतिहासिक आधार कितपत, हा वाद विद्वानांनी घालावा. ग्रंथातील गणिते मात्र प्रत्यक्ष आहेत, आणि मी पुढे ती पाहिली तेव्हा आजीच्याच धाब्यावर आल्यासारखे वाटले. भुंग्यांचा थवा, हत्तींचा कळप, उड्या मारणारी वानरे, सरोवरातील कमळ. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी बीळ. बिळापासून सत्तावीस हातांवर साप, आणि तो बिळाकडे येतो आहे. मोराने त्याच्यावर तिरपी झेप घेतली आणि दोघांनी सारखेच अंतर कापले, तर गाठ कोठे पडली? बिळापासून बारा हातांवर. आजीच्या गोष्टीतही मोर साप पकडी, कोठे पकडला असे विचारले तर ती म्हणे, "तठेच." तेथेच. उत्तर दोघांचेही बरोबर आहे, एवढेच की आचार्यांनी रीत दाखवली आहे.

परंतु ज्यासाठी मी वाचकांस पाटण्यापर्यंत आणले, ती वस्तू निराळीच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला, शके ११२८चा एक शिलालेख तेथे सापडला. यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या चांगदेव नावाच्या ज्योतिष्याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, आणि त्या मठास स्थानिक निकुंभवंशीय अधिपतीने देणग्या लावून दिल्या, असा त्यातील मजकूर आहे. शेवटी खरेदीविक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर बसवलेली पट्टी चक्क जुन्या मराठीत कोरलेली आहे. आजोबांना यांतील सर्वांत प्रिय भाग अर्थातच पट्टीचा. मला प्रिय आहे तो चांगदेव. हा चांगदेव भास्कराचार्यांचा कोण? नातू! शिष्य पुष्कळ असतील, पुत्र लक्ष्मीधरही मोठा पंडित होता. पण आजोबांचे शब्द इकडचे तिकडे होऊ नयेत म्हणून मठ बांधून, त्याला तेलाची तरतूद करून, वर ते सर्व दगडात खोदवण्याची बुद्धी झाली ती नातवाला. माझ्या सिद्धान्तास याहून भक्कम दस्तऐवज मी कोठून आणू?

१९५२ साली मद्रासेहून मराठी 'चांदोबा' निघू लागला, आणि आमच्या घरी आजीला प्रतिस्पर्धी उत्पन्न झाला. विक्रम-वेताळाच्या गोष्टी मी त्यात अधाशासारख्या वाचीत असे, आणि त्या वयात मला विक्रमाचा मोठा हेवा वाटे. हल्ली त्याची कीव येते, कारण तो कोण हे आता मला समजले आहे. पाठीवर ओझे, कानाशी प्रश्न. उत्तर ठाऊक असून न द्यावे तर मस्तकाची शकले होणार, आणि द्यावे तर ओझे उडून पुन्हा पहिल्या झाडावर, म्हणजे पुन्हा मुळापासून आरंभ. पंचवीस गोष्टींत या राजाने एकदाही 'आता निजून जा' म्हटले नाही. असा संयम सिंहासनाने येत नाही. त्याला घरात नातवंडे असावी लागतात.

माझी दोन असतात पुण्यास, आणि मे महिन्यात चाळीसगावी येतात. धाबे जाऊन आता गच्ची झाली आहे. नात नऊ वर्षांची, नातू सात वर्षांचा. त्यांच्या पाठोपाठ सूनबाईंची सूचना येते की मुलांना भीतिदायक, हिंसक किंवा सावत्र असे काही सांगू नये. मी आज्ञाधारक मनुष्य आहे. गेल्या वर्षी मी वाघाची भूक काढून घेतली आणि त्याला म्हातारीची नुसती विचारपूस करावयास लावले. नात उशीवरून उठून बसली. "आजोबा, वाघाला भूकच नसेल, तर म्हातारी भोपळ्यात कशाला बसली?" मी निरुत्तर झालो. भूक परत केली. सूनबाईंना हे कळवलेले नाही.

माझ्या वेळच्या आणि आताच्या तपासनिसांत फरक इतकाच, की यांच्या हाती साधने आली. मेणाच्या घराविषयीची माझी सत्तर वर्षांपूर्वीची हरकत नातवानेही स्वतंत्रपणे काढली. मी मोठ्या अभिमानाने, चिमणी नाशिकची होती, असे वडिलोपार्जित उत्तर दिले. बहिणीने तेवढ्यात फोनवर पाहून सांगितले की मधमाश्यांचे मेण बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळते, तेव्हा चाळीसगावातही घराला धोका नव्हता आणि चिमणीला नाशिकला नेण्याचे काही कारण नव्हते. आजीची चिमणी अशा रीतीने सत्तर वर्षांनी स्वगृही परतली. शिवाय ती पोरगी माझ्या गोष्टी त्याच फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवते. परवा मी लांडगा आधी घेतला, तर तिने गेल्या मे महिन्यातील माझाच आवाज मला ऐकवला. त्यात कोल्हा आधी होता, आणि मधोमध एके ठिकाणी, वाघाच्या तोंडी, गॅसच्या टाकीचा नंबर लावला काय, असा एक प्रश्नही होता.

या परिस्थितीत निरुपाय म्हणून मी परवा रात्री शेवटचे हत्यार बाहेर काढले. कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का, असे विचारले. सांगा म्हणावे तर 'सांगा काय म्हणता', नको म्हणावे तर 'नको काय म्हणता', आणि पुन्हा तोच प्रश्न. ज्या गोष्टीत गोष्टच नाही, तीत तपासनीस पकडणार काय? पूर्वी ही युक्ती दहा मिनिटांत हमखास लागू पडे. ही गोष्ट महाराष्ट्रभर चालते, पण ती आमच्या खानदेशचीच असली पाहिजे असा माझा तर्क आहे, कारण कापूस पिकवणाराशी इतक्या सातत्याने अन्य कोणी असे बोललेले नाही. माझ्या समजुतीच्या काळात येथे व्यापाऱ्यांची खरेदी होती, १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी आली, पुढे पुन्हा व्यापारी आले. कास्तकार दर वर्षी गाडी भरून नेतो, भाव काय म्हणून विचारतो, आणि 'भाव काय म्हणता' या धर्तीचे उत्तर घेऊन परततो.

नातू पाचव्या आवर्तनास झोपला. नात झोपली नाही. तिने सुचतील ती सर्व उत्तरे देऊन पाहिली, मग गप्प बसून पाहिले, आणि 'गप्प काय बसतेस' हेही ऐकून घेतले, मग शांतपणे म्हणाली, "ते राहू द्या. पण कापूसकोंड्याचं झालं काय?" सत्तर वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. आजीला कोणी विचारल्याचे स्मरत नाही. आजोबांच्या दफ्तरात त्याची नोंद नव्हती. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे, आणि ती आज रात्री संपते. भोपळा माझ्यापाशी नाही. तरी कापूसकोंड्याची मूळ गोष्ट कोणा वाचकास ठाऊक असल्यास त्यांनी ती उलटटपाली कळवण्याची कृपा करावी. मात्र पत्राचा आरंभ 'सांगू का?' असा करू नये.